गाऱ्हाण्यावर विकलेली जमीन

माझी सगळी नोकरी दुसऱ्यांच्या जमिनी विकण्यात गेली. म्हणजे विकतात ते लोक, मी फक्त मुलुंडच्या एका वकिलाकडे बसून खरेदीखतं तयार करते. पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, सदर मिळकत निर्वेध असून तीवर कोणाचाही बोजा नाही, असं लिहून लिहून मला आता भाजीच्या पिशवीच्याही चतुःसीमा दिसायला लागल्यात. आणि गंमत अशी, की मी ज्या वाडीत लहानाची मोठी झाले तिथे जमीन विकताना ह्यातलं काहीच चालत नाही. तिथे जमीन गाऱ्हाण्यावर विकतात. कागद मागाहून होतो, आणि तो लांबला तरी कुणाची झोप उडत नाही, एक माझी सोडून.

वाडी मुलुंड पश्चिमेला, डोंगराला टेकून आहे. चढ सुरू झाला की रिक्षावाले "यहीं उतर जाओ ना मॅडम" म्हणतात, आणि तिथून वर चालत जावं लागतं. शेवटच्या घराच्या मागे भिंत, भिंतीपलीकडे जंगल. मुंबई तिथे खरोखरच संपते. बिबट्या येतो, कोंबडी नेतो, कधी कुत्रं नेतो. वाडीतली म्हातारी माणसं पहाटे बाहेर पडताना मोठ्याने खोकतात, ते खोकला झालाय म्हणून नव्हे, त्याला कळावं म्हणून. लग्न होऊन मी नाहूरला गेले, म्हणजे एका स्टेशनाच्या अंतरावर. पण आई वाडीतच राहते, त्यामुळे माझा रविवारही वाडीतच राहतो.

ही वाडी वसवली आमच्या गावच्या भजनी मंडळाने. कोकणातल्या एका गावची माणसं, गिरणीत कामाला, लालबागला एका खोलीत दाटीवाटीने राहणारी. भजनाला जागा पुरेना आणि शेजारपाजारचे झांजांना कावले, म्हणून मंडळाने हा डोंगराचा उतार घेतला. त्या काळी तो कुणी फुकट दिला असता तरी शहाणा माणूस राहायला आला नसता. आमच्या माणसांनी आधी घुमटी बांधली, गावच्या देवाच्या नावाने एक दगड बसवला, आणि मग उताराचे तुकडे करून एकेक विकायला काढला. पण कुणालाही नाही. नियम एकच: जागा आपल्या माणसाला. ज्याला वाडी सोडायची त्याने जागा मंडळाला परत द्यायची, पैसे घ्यायचे, आणि मंडळ ती पुढे आपल्या माणसाला विकणार.

गिऱ्हाइकाला आधी भजनाला बसावं लागे. एक गिऱ्हाईक इतकं बेसूर निघालं, की मंडळाने त्याला जागा दिली पण घुमटीपासून सगळ्यात लांबची. त्याची नातवंडं अजून तिथेच राहतात आणि आवाज घराण्यात टिकून आहे.

आता गाऱ्हाणं म्हणजे काय ते सांगते. घुमटीपुढे सगळी वाडी जमते. मंडळाचा अध्यक्ष हात जोडून देवाला हाक मारतो आणि काय ते एकेक वाक्यात मागतो. प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी एका आवाजात म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" जमीन विकायची असली तर घेणाऱ्याचं नावही असंच देवाच्या कानावर घालतात. वाडीने "व्हय म्हाराजा" म्हटलं की जमीन विकली गेली. तिथेच कुणी "नाय" म्हटलं, एकाने जरी, तरी व्यवहार मोडला. पण "नाय" कधी कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही, कारण गाऱ्हाण्याला एक ठेका असतो, आणि तो सुरू झाला की माणूस ऐकत नाही, फक्त ओरडतो.

ही गोष्ट सगळ्यात आधी ओळखली माझ्या वडिलांनी. ते अध्यक्ष असताना एका भजनी सप्त्याला गाऱ्हाणं घालत होते. शेताभाताचं, पोराबाळांचं मागून झालं, आणि त्याच सुरात त्यांनी पुढे सोडून दिलं, "तशीच म्हाराजा, दर सप्त्याची सगळी चाय माझ्या धाकट्या भावाच्या घराकडसून येवंदे!" सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" त्यात धाकटा भाऊ, म्हणजे माझे काका, सगळ्यांत जोरात. वडील गेले, काका अध्यक्ष झाले, पण सप्त्याचा चहा अजून काकांच्याच घरून येतो. देवापुढे शब्द दिलेला, करणार काय!

तर अशा ह्या वाडीत व्हॅनवाली ताई भाड्याने राहायला आली. ती शाळेची व्हॅन चालवते. मूळची जालन्याकडची, बौद्ध, नवरा गेलेला, मुलगी शिकून पुण्याला नोकरीला. आईच्या शेजारचं घर रिकामं होतं, मालकाने तिला भाड्याने दिलं. विकण्यावर मंडळाचा नियम होता, भाड्यावर नव्हता, त्यामुळे कुणी काही बोललं नाही. तिने खिडकीत बुद्धाची मूर्ती ठेवली, दाराला निळा रंग दिला आणि पहिल्याच दिवशी व्हॅन अशी उलटी चढवली की वाडीतले सगळे पुरुष बघायला बाहेर आले.

आई आणि ती ह्यांचं जमलं कसं, ते मला कधी समजलं नाही. आईची मालवणी तिला अर्धी कळायची, तिची जालन्याकडची बोली आईला पाव कळायची, आणि दोघी तासन् तास बोलायच्या. मी रविवारी गेले की ह्या दोघी उंबऱ्यावर बसून कुणाची तरी निंदा करत असायच्या आणि मला बघून गप्प व्हायच्या. म्हणजे निंदा बहुतेक माझीच असायची. मला तिचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू. माझ्या आईशी इतकं मला कधी बोलता आलं नाही.

मग घरमालकाने गावी जायचं ठरवलं आणि जागा मंडळाला परत दिली. ताईने ती विकत मागितली. तिची सगळी जमवाजमव झालेली होती. प्रश्न एवढाच होता, की मंडळ तिला जागा देईल की ती पावसाच्या आत दुसरीकडे खोली शोधेल. दुसरीकडे म्हणजे वसईच्या पुढे किंवा बदलापूर, आणि तिची शाळा तर इथे मुलुंडात.

मी तिला घेऊन काकांकडे गेले. काकांनी चहा दिला, खारी दिली, व्हॅनची चौकशी केली. मग म्हणाले, "नियम तो नियम गो. माझ्या बापाशीन केलेलो. जागा आपल्या माणसाक."

"आणि ताई कोण आहे?" मी म्हटलं.

"ताई चांगली बाई आसा. मी खंय वायट म्हणतंय?"

ताईने खारी चहात बुडवून शांतपणे खाल्ली. बाहेर आल्यावर मी काकांच्या नावाने शंख करायला लागले तेव्हा मात्र मला म्हणाली, "ए, तू जरा गप बस ना. माझं घर जाणारंय, बीपी तुझं वाढतंय."

मग कळलं, काकांनी माणूस आधीच ठरवून ठेवलाय. आमच्याच गावचा, कुणाच्या तरी भाचीचा दीर, डोंबिवलीत राहतो. तो वाडीत कधी फिरकला नव्हता. भजन तर सोडाच, त्याला वर यायचा रस्ताही माहीत नव्हता. जागा घेऊन तो पुन्हा भाड्याने देणार होता. पण माणूस आपला होता. 'आपला' ह्या शब्दात काय काय बसतं आणि काय बसत नाही हे वाडीत कधी कुणी तोंडाने सांगितलं नव्हतं, आणि न सांगताच सगळ्यांना ठाऊक होतं. मला त्याचा संताप येत होता, कारण त्या सगळ्यांत माझी माणसं होती, मला ज्यांनी कडेवर खेळवलं ती.

गाऱ्हाणं रविवारी सकाळी ठरलं. अंगणात ताडपत्री घातलेली, पुढे पुरुष, मागे भिंतीला टेकून बायका. मीही बायकांतच, आईशेजारी. ताई घुमटीत येत नसे, तो तिचा नेम होता. ती अंगणाच्या टोकाला, व्हॅनच्या बॉनेटला टेकून उभी होती. यायची काही गरज नव्हती, पण ती म्हणाली होती, "माझ्याबद्दल काय ठरतंय ते मी समोर उभी राहून ऐकणार."

काकांनी नारळ ठेवला, हात जोडले आणि आवाज लावला. काकांचा आवाज अजून झकास आहे.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरा तुझ्या पायाकडे जमली हत!"

"व्हय म्हाराजा!"

"तेंच्या घरादाराची, पोराबाळांची राखण कर!"

"व्हय म्हाराजा!"

"रानातलो तो वाघरू वाटेक येता, तेची वाट रानातच ठेव!"

"व्हय म्हाराजा!" ह्याला सगळ्यांत मोठा आवाज झाला.

"तशीच म्हाराजा, ही जी जागा रिकामी झाली, ती आपल्या गावच्या..." आणि काका थांबले. हात जोडलेले, डोळे मिटलेले, तोंड उघडं. मग त्यांनी एक डोळा उघडून शेजारच्या चिटणिसांकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "तेचा नाव काय रे?"

चिटणिसांनाही नाव आठवेना. ते मागच्याला विचारायला वळले. मागचा त्याच्या मागच्याला. सगळ्या वाडीत त्या आपल्या माणसाचं नाव एकालाही ठाऊक नव्हतं! माझं डोकंच फिरलं. आमच्याकडे बाईने गाऱ्हाणं घालायची पद्धत नाही. पण सूर मला लहानपणापासून पाठ होता, आणि पाठ नसता तरी त्या क्षणी मी थांबले नसते. मी तिथेच उभी राहिले आणि काकांचं वाक्य उचललं.

"ती जागा म्हाराजा, ह्या व्हॅनवाल्या ताईक मिळांदे!"

"व्हय म्हाराजा!" वाडी गरजली.

सगळी वाडी. चिटणीस, बेसूर घराणं, म्हातारे, पोरं. आणि सगळ्यांत जोरात, हात जोडून, डोळे मिटून, काका.

मग आपण काय ओरडलो ते एकेकाच्या लक्षात येत गेलं तसतशी तोंडं बघण्यासारखी झाली. एक जण म्हणाला, "ह्या धरूचा नाय, बाईमाणसान घातलेला गाऱ्हाणा." दुसरा म्हणाला, "पण तू व्हय म्हटलंस मा?" तिसऱ्याचं म्हणणं, देवाला न मानणाऱ्या माणसाला देवाची जागा कशी द्यायची. चिटणीस म्हणाले, वाट लागली, आता शब्द गेला, देवापुढचा शब्द मागे घेता येत नाही. काका नुसते माझ्याकडे बघत होते. बहुधा त्यांना माझे वडील दिसत असावेत. मला मात्र आभाळ ठेंगणं झालं होतं. एका वाक्यात जमीन विकली! आमच्या वकीलसाहेबांना एवढ्यात प्रस्तावनासुद्धा होत नाही.

मी ताईकडे बघितलं. ती हसत असेल असं मला वाटलं होतं. ती बॉनेटपासून बाजूला झाली आणि ताडपत्रीच्या कडेला येऊन उभी राहिली.

"मला हे नको," ती म्हणाली.

"अगं काय नको? मिळाली ना जागा!"

"तू थांब गं जरा." मग सगळ्यांकडे बघून म्हणाली, "हे तुमचं सवयीचं होय आहे. आत्ता हिने म्हटलं असतं, ताईला डोंगरावरून ढकलून द्या, तरी तुम्ही होयच म्हणाला असतात. असल्या होयवर मी घर बांधणार नाही. उद्या नळावर भांडण झालं की तुम्ही म्हणाल, फसवून घेतली. आमच्या विहारात काही ठरवायचं असलं ना, तर प्रत्येकाला वेगवेगळं विचारतात. बाईला पण, म्हाताऱ्याला पण. मला तसं विचारायचंय. एकाने नाही म्हटलं तरी मी उद्या सामान बांधते. राग नाही धरणार."

मी कपाळावर हात मारला. हातात आलेली जागा ही बाई सोडायला निघाली होती, तेही तत्त्वापायी. आई मला म्हणाली, "बस खाली. तिका बोलांदे."

ताई आधी काकांसमोर गेली. "काका, तुमचा नियम आपल्या माणसाला जागा द्यायची असा आहे ना? मग मी परकी आहे असं माझ्या तोंडावर म्हणा. बस, एवढंच म्हणा. पुढचं मी बघते."

काकांनी चष्मा काढला, धोतराला पुसला, पुन्हा घातला. मला वाटलं, आता म्हणतील. मनात मी सामानाचा टेम्पोही ठरवून टाकला.

"नियमाकडे बोट दाखवान नाय म्हणूक सोपा आसता गो," काका शेवटी म्हणाले. "पण तुझ्या तोंडार तुका परकी म्हणूक माझी जीभ वळणा नाय. घे. माझा व्हय."

"म्हाराजा नाही म्हणालात," ताई म्हणाली.

"देवाक कित्याक मधी घालू? ह्या माझा व्हय."

त्यानंतर पुरुषांची ओळ पार पडायला वेळ लागला नाही, पण सरळही पार पडली नाही. चिटणिसांनी विचारलं, व्हॅन रात्री रस्त्यात लावणार की बाजूला. ताई म्हणाली, बाजूला. चिटणीस म्हणाले, मग होय. देवाला न मानणाऱ्याचा मुद्दा काढणारा मान खाली घालून म्हणाला, देवळाच्या वर्गणीचं काय? ताई म्हणाली, "पाण्याची देईन, रस्त्याची देईन, दिव्याची देईन. देवाची नाही देणार, आणि तुम्ही मागायची पण नाही." तो जरा विचारात पडला. मग काकाच त्याच्यावर खेकसले, "अरे, तू तरी दोन वर्सा खंय दिलंस?" सगळे हसले, आणि त्याच हशात त्याचं होय आलं. बेसूर घराण्याने एका सुरात होय म्हटलं, जे त्यांना पहिल्यांदाच जमलं.

पुरुषांची ओळ संपली तसे पुरुष उठायला लागले. कुणी ताडपत्रीची घडी घालायला घेतली, काका नारळ फोडायला वाकले.

"थांबा," ताई म्हणाली. "बायका राहिल्या."

सगळे होते तसेच थांबले. असं काही राहू शकतं हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. आणि खरं सांगते, माझ्याही नव्हतं. मी स्वतः उभी राहून गाऱ्हाणं घातलं, पण माझ्या मागे भिंतीला टेकलेल्या बायकांचं मत वेगळं घ्यावं हे मला सुचलं नाही. ताई बायकांच्या ओळीसमोर खाली बसली आणि टोकापासून विचारत आली. कुणी तोंडाला पदर लावून होय म्हटलं, कुणी नुसती मान हलवली, तर ताई म्हणाली, मान नको, तोंडाने सांगा. काकूंनी होय म्हणून वर काकांना सुनावलं की सप्त्याचा चहा आता निम्मा ताईकडून येऊ दे. सगळ्यांत शेवटी आई होती.

"मावशी, तुमचं काय?"

आईने आधी माझ्याकडे बघितलं. मग काकांकडे. मग पुन्हा ताईकडे. "माका इचारतंस?"

"तुम्हालाच विचारतेय."

आईचं लग्न कोणी तिला विचारून ठरवलं नव्हतं. मुंबईला यायचं कोणी विचारून ठरवलं नव्हतं. ह्या जंगलाच्या कडेला घर बांधायचं, मला किती शिकवायचं, वडील आजारी पडल्यावर गावची जमीन विकायला काढायची, ह्यातलं काही काही तिला कुणी विचारलं नव्हतं. आणि तिने प्रत्येक गाऱ्हाण्याला, प्रत्येक सप्त्याला, भिंतीला टेकून, सगळ्यांबरोबर म्हटलं होतं, व्हय म्हाराजा. तिच्या चेहऱ्याकडे बघताना हे सगळं मला तेव्हा पहिल्यांदा एकत्र दिसलं.

आईने नीट विचार केला. पदर सारखा केला. आणि अगदी स्पष्ट आवाजात म्हणाली,

"नाय."

काकांच्या हातात नारळ तसाच राहिला. आई, जिच्या उंबऱ्यावर ताईच्या संध्याकाळी जात होत्या, तीच! ताई मात्र शब्दाला पक्की. तिने मान डोलावली आणि उठायला हात टेकला.

आईने तिचा तो हात दाबून धरला.

"अगो, बस. खंय चललंस?" आईचे डोळे चमकत होते. "जल्मभर व्हयच म्हणत इलंय मी. एकदा नाय म्हणान बघूचा होता, कसा वाटता ता."

"आणि? कसं वाटलं?" ताईने विचारलं.

"बरा वाटला," आई म्हणाली. "खूप बरा वाटला. आता घे, माझा व्हय."

ताईने तिला शिवी हासडली, जालन्याकडची, प्रेमाची, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून इतक्या हसल्या की काकांनी नारळ फोडला त्याचा आवाजही कुणाला आला नाही. मी मात्र भिंतीकडे तोंड करून रडत होते, आणि आई मला सारखी विचारत होती, "तुका काय झाला गो? तुका काय झाला?"